ताळा

आमच्या लहानपणी मराठी शाळेत गुणाकाराचे उत्तर काढले, की त्याखाली आडवी रेघ ओढून ताळा लिहावा लागे. ताळा नसेल तर उत्तर बरोबर असूनही गुरुजी एक गुण कापीत. ३४७ गुणिले २६ बरोबर ९०२२. आता ३४७ मधील अंकांची बेरीज १४, म्हणजे ५. २६ मधील अंकांची ८. पाच आठे चाळीस, म्हणजे ४. उत्तरातील अंकांची बेरीज १३, म्हणजे ४. ताळा जुळला. ह्या नवाच्या ताळ्याची एक खोडही गुरुजींनी सांगून ठेवली होती. घाईघाईत ९०२२ ऐवजी कोणी ९२०२ लिहिले, तरी अंकांची बेरीज तीच राहते आणि ताळा निमूटपणे जुळतो. म्हणजे ताळा चुकला तर उत्तर खात्रीने चुकलेले असते. पण ताळा जुळला म्हणून उत्तर बरोबरच असते, असे नाही.

वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षी ऐकलेली ही गोष्ट आम्हांला पुढे तीनदा नव्याने शिकावी लागली. त्यांपैकी शेवटची शिकवणी अगदी अलीकडची असून ती आमच्या नातीने दिली. ही मुलगी सध्या विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकते आणि त्याच्या जोडीने संगणकाचाही अभ्यास करते. हे दोन्ही तिने एकदम घ्यावे की नाही, ह्यावर आमच्या घरी बराच खल झाला. बडोद्यातील बऱ्याच मराठी घरांत आज असाच खल चालू असेल, म्हणून ही हकीकत लिहावीशी वाटली.

आमचे घराणे गायकवाडांच्या मागोमाग गुजरातेत आले. तलवार गाजविणाऱ्यांपैकी नव्हे, दफ्तरात मांडी घालून मोडीत जमाखर्च लिहिणाऱ्यांपैकी. आमच्या आजोबांपर्यंत सर्वांनी कारकुनीच केली. तेव्हा १९७१ साली आम्ही विज्ञान शाखेत पदार्थविज्ञान घेतले, हा घरातला पहिला बंडावा म्हणावयाचा. दांडिया बाजारातून सायकलीने निघावे, रावपुऱ्यातून कोठीवरून उतरून विश्वामित्रीचा पूल ओलांडावा, काळ्या घोड्यावरील सयाजीरावमहाराजांना मनोमन मुजरा करावा आणि सयाजीगंजात १८८१ सालच्या बडोदे कॉलेजच्या घुमटाखाली पोहोचावे, असा नित्यक्रम होता. तंत्रज्ञान शिकविणारे कलाभवन नदीच्या अलीकडे, आमच्या घराच्या बाजूला. विज्ञान नदीच्या पलीकडे. संगणक हा शब्द तेव्हा आमच्या कानांवरून गेला होता इतकेच. यंत्र कोणी पाहिले नव्हते.

पहिल्याच सत्रात साध्या लंबकाचा प्रयोग आला. दोरीला धातूचा गोळा बांधावयाचा, वीस आंदोलनांना लागणारा वेळ मोजावयाचा, दोरीची लांबी बदलीत पाच निरीक्षणे घ्यावयाची आणि त्यांवरून गुरुत्वत्वरण काढावयाचे. आम्ही आणि आमचे एक सोबती, दोघांनी मिळून दोन निरीक्षणे घेतली. तोवर जेवणाची वेळ झाली. उरलेली तीन निरीक्षणे आम्ही उपाहारगृहात बसून उलट्या बाजूने काढली: पुस्तकातील ९८१ हे उत्तर गृहीत धरले आणि त्यातून सेकंद पाडले. कारकुनी रक्त असे उपयोगी पडते! आलेखावर पाचही ठिपके एका ओळीत, कवायतीला उभे राहिल्यासारखे आले.

वही तपासणाऱ्या सरांनी आलेखाकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, "हे निरीक्षण कोठे घेतले?" आम्ही म्हणालो, "इथेच, सर." त्यावर ते म्हणाले, "नवल आहे. ९८१ हे लंडनच्या बाजूचे मूल्य. बडोद्यात ते ९७९ च्या आसपास असावयास हवे." पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे आणि स्वतःभोवती फिरते, त्यामुळे विषुववृत्ताकडे यावे तसतसे हे त्वरण थोडे कमी होते, हे आम्ही वाचलेले होते. पण वाचलेले आणि लिहिलेले ह्यांची गाठ घालून पाहावी, हे सुचले नव्हते. वास्तविक आमच्या घड्याळाने ९७९ आणि ९८१ ह्यांतला फरक दिसणेच शक्य नव्हते, हे सरांनाही ठाऊक होते. त्यांनी आमची चोरी ठिपक्यांच्या शिस्तीवरून ओळखली होती. लंडनचा चिमटा वर काढला. आम्ही ताळा पुस्तकाशी घेतला होता, निसर्गाशी घेतला नव्हता. तो प्रयोग आम्हांला पुन्हा करावा लागला आणि ती पहिली शिकवणी झाली.

१९७४ साली पदवी हाती आली. पुढे एम्.एस्सी. करावे असे फार मनात होते. परंतु दोन बहिणींची लग्ने व्हावयाची होती आणि वडील निवृत्त झाले होते. ते रागावले नाहीत, ओरडले नाहीत. झोपाळ्यावर बसून त्यांनी एवढेच म्हटले, "पदार्थविज्ञान घरी वाच, नोकरी बँकेत कर." आम्ही दुसरा भाग पाळला. पहिला भाग पाळण्याचा विचार पुढली पन्नास वर्षे चालू होता.

बँकेत आमचे बरे चालले. रोजचे बॅलन्सिंग जुळले नाही, तर फरकाला नवाने भाग जातो का ते आधी पाहावे, हे जुन्या मंडळींनी शिकविले. जात असेल तर बहुधा कोठे तरी अंकांची अदलाबदल झालेली असते. १६०० चे १०६० झाले, तर फरक ५४० चा पडतो. शाळेतील नवाच्या ताळ्याची जी खोड होती, तीच इथे चोर पकडावयाच्या कामी आली, ह्याची आम्हांला मोठी मौज वाटे.

१९८४ साली रंगराजन समितीने बँकांच्या संगणकीकरणाचा आराखडा दिला आणि त्या दशकाच्या अखेरीस आमच्या शाखेतही यंत्रे आली. त्या वेळच्या नियमाप्रमाणे बचत खात्यावरील व्याज, महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी किमान शिल्लक असेल, तिच्यावर काढीत. (रोजच्या शिलकीवर व्याज देण्याची पद्धत १ एप्रिल २०१० पासून सुरू झाली.) एका सहामाहीनंतर निवृत्तिवेतन घेणाऱ्या एक वृद्ध बाई कागदाचा चिटोरा घेऊन आल्या. त्यांच्या हिशेबाने व्याज काही रुपयांनी कमी पडत होते. आम्ही त्यांना हसतमुखाने सांगितले, "आजी, हा आता संगणकाचा हिशेब आहे, चुकावयाचा नाही." त्या काही बोलल्या नाहीत. चिटोरा मात्र आमच्या टेबलावर ठेवून गेल्या.

संध्याकाळी तो चिटोरा डोळ्यांपुढून हालेना. खातेवही काढून हाताने हिशेब केला. बाई बरोबर होत्या. यंत्रास सूचना देताना कोणी तरी दहा तारखेऐवजी एक तारीख घातली होती. त्यामुळे पाच-सहा तारखेस जमा झालेल्या रकमेचे त्या महिन्याचे व्याज सर्वांचेच बुडाले होते. बेरजा सगळ्या चोख होत्या. जमेची बाजू खर्चाच्या बाजूशी पैशाला पैसा जुळत होती. यंत्राने सांगितलेले काम अचूक केले होते. सांगितलेले कामच चुकीचे होते. आम्ही तीन दिवस राबून सर्व खाती दुरुस्त केली आणि बाईंच्या घरी जाऊन क्षमा मागितली. ती दुसरी शिकवणी.

आता नातीकडे वळतो. दांडिया बाजारातील जुने घर गेले. तेथील पितळी कड्यांचा झोपाळा तेवढा आम्ही कारेलीबागेतल्या घरी आणला आहे. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला जो पूर आला, तो बडोदेकर वाचकांना सांगावयास नको. धोक्याची पातळी २५-२६ फुटांची, आणि नदी ३५ फुटांच्याही वर गेली. वीज गेलेली, दूध नाही, सुसरी रस्त्यांत आल्याच्या वार्ता, आणि प्रत्येक फोनवर एकच प्रश्न: काळ्या घोड्याला किती फूट? नात तेव्हा बारावीत होती. मेणबत्तीच्या उजेडात ती दिनदर्शिकेच्या पाठीवर दर तासाची पातळी टिपीत बसली होती. एका तासात इतके इंच, तर आपल्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीला पाणी केव्हा लागेल, असे तिचे गणित चालले होते. उत्तर आले: पहाटे तीन.

आम्ही घरातील सामान वर चढविले आणि जागत बसलो. तीन वाजले, पाच वाजले. पाणी दुसऱ्या पायरीशी थबकले. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. एकटी नात खट्टू होती. तिचे गणित का चुकले, हे तिला हवे होते. दोन दिवसांनी तिचे तिलाच उमगले. नदी काठाच्या आत असते तोवर आलेले पाणी उंची वाढविते. काठ ओलांडला, की तेच पाणी आडवे पसरते आणि उंचीचा वेग मंदावतो. आजव्याहून किती पाणी निघाले, वाटेत किती मिळाले, किती पुढे गेले आणि किती पसरून राहिले, ह्यांचा जमाखर्च मांडल्याशिवाय नुसत्या फुटांच्या त्रैराशिकाला अर्थ नाही. आम्ही तिला सांगितले, की आजव्याचे सरोवर सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत, १८९० च्या दशकात, जगन्नाथ सदाशिवजी ह्या अभियंत्याने बांधून पुरे केले. त्याने हा जमाखर्च कागद-पेन्सिलीने मांडला असणार. ती म्हणाली, "मग आता संगणकाने मांडता येईल ना, आजोबा?" तिच्या मनात दोन्ही विषय त्या रात्री एकदम शिरले, असे आम्हांस वाटते.

२०२५ च्या मे महिन्यात निकाल लागला आणि घरात परिषद भरली. चिरंजीव पुण्यास संगणकाच्या व्यवसायात. त्यांचे मत, सरळ संगणक अभियांत्रिकी घ्यावी. सूनबाईंना मुलीच्या डोळ्यांची आणि झोपेची काळजी. नातीने मांडलेला बेत असा: दिवसा विद्यापीठात भौतिकशास्त्राची पदवी, आणि रात्री आय.आय.टी. मद्रासने २०२० साली सुरू केलेला दूरस्थ पदवीक्रम, ज्यात प्रोग्रामिंग, संख्याशास्त्र आणि विदाविज्ञान शिकवितात. एकाच वेळी दोन पदव्यांचा अभ्यास करण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये मोकळीक दिली आहे, हेही तिने पाठ करून ठेवले होते. सूनबाई म्हणाल्या, "एक ना धड, भाराभर चिंध्या." चिरंजीव म्हणाले, "फिजिक्सने पोट भरत नाही, बाबा, तुम्हीच सांगा तिला." आणि सगळे आमच्याकडे पाहू लागले.

आम्ही झोपाळ्यावर बसलो होतो. पन्नास वर्षांपूर्वी वडील जेथे बसले होते, त्याच फळीवर. त्यांचे वाक्य ओठांपर्यंत आले होते. त्यातल्या 'बँके'च्या जागी 'संगणक' घातले, की काम भागणार होते. पण आम्ही म्हणालो, "उद्या बोलू." धैर्य झाले नाही, हे खरे कारण.

त्याच रात्री नात आपला संगणक घेऊन आमच्या खोलीत आली. तिने एक लंबक तयार केला होता. एक मीटर लांबीचा, पाच अंशांतून सोडलेला. पडद्यावर एक ठिपका डौलात डोलत होता. पद्धत तिने समजावून सांगितली. सेकंदाचे शंभर भाग करावयाचे. प्रत्येक भागात ठिपका कोठे आहे आणि त्याचा वेग किती आहे, हे पाहून पुढल्या क्षणी तो कोठे असेल आणि त्याचा वेग किती असेल, हे काढावयाचे. की पुन्हा तेच. आम्ही कौतुकाने पाहत राहिलो. दहा-एक आंदोलने झाली असतील. जुन्या सवयीने नजर टोकाला खिळली होती, आणि मनात काही खुपू लागले.

"अगं, हा लंबक थकत तर नाहीच, उलट फोफावतो आहे."

"शक्य नाही आजोबा. प्रोग्रामला एकही एरर आलेला नाही."

त्या वाक्यासरशी चिटोरा टेबलावर ठेवून निघून गेलेल्या त्या बाई आमच्यासमोर उभ्या राहिल्या.

आम्ही तिला म्हणालो, "एरर नसेल. पण ह्याला ही जास्तीची उंची दिली कोणी? हवा नाही, घर्षण नाही, कोणी ढकलत नाही. पाच अंशांवरून सुटलेला लंबक पाच अंशांच्या वर जाईल कसा? ऊर्जेचा जमाखर्च काढून पाहा." तिने तेथल्या तेथे चार ओळी लिहिल्या. वीस सेकंदांत आंदोलन पाच अंशांवरून तेरा अंशांवर गेले होते; ऊर्जा सातपट झाली होती. जमेला काहीच नसताना शिल्लक सातपट! आमच्या बँकेत असे घडते तर पोलीस आले असते.

कारण शोधावयास तिला दोन दिवस लागले. ऑयलर ह्या अठराव्या शतकातील गणितज्ञाच्या नावाने ही सोपी पद्धत ओळखली जाते, आणि तिची ही खोडही जुनी, नोंदलेली आहे. नवे स्थान आणि नवा वेग ही दोन्ही जुन्याच आकड्यांवरून काढली, की दर पावलाला ऊर्जेत एक बारीकशी चोरटी भर पडते. आपल्या लंबकात ती हजारात एक इतकीच. शंभरात एका सेकंदाच्या पावलाने वीस सेकंदांत दोन हजार पावले होतात आणि चक्रवाढ व्याज काय करते, हे आम्हां बँकवाल्यांना सांगावयास नको. उपायही सोपा निघाला. आधी नवा वेग काढावयाचा आणि स्थान काढताना जुन्याऐवजी तो नवा वेग वापरावयाचा. एका ओळीची दुरुस्ती. लंबक ताळ्यावर आला. "तरीही," ती म्हणाली, "ऊर्जा जुळते म्हणजे सगळेच बरोबर असे नाही. वेळ किंचित चुकतो. तो वेगळा तपासावा लागेल." गुरुजींचे ९२०२ हे उत्तर तिला कोणी सांगितले नव्हते.

त्या दोन दिवसांत आम्हांला आमचे उत्तर मिळाले. पन्नास वर्षांपूर्वीचे अर्धवट पदार्थविज्ञान नसते, तर त्या डोलणाऱ्या ठिपक्याला आम्ही टाळ्याच वाजविल्या असत्या. आणि तिला संगणक येत नसता, तर आमचा संशय संशयच राहिला असता. हे दोन विषय दोन वाटा नव्हेत. एक उत्तर काढतो, दुसरा त्याचा ताळा घेतो. चिरंजीवच हल्ली सांगतात, की प्रोग्राम लिहिण्याचे पुष्कळसे काम आता यंत्रेच करू लागली आहेत. तसे असेल तर उत्तरांचा पूर येणार आहे, आणि ताळा घेणाऱ्याची गरज वाढणार आहे.

परिषद पुन्हा भरली तेव्हा आम्ही आमची बाजू बडोद्याच्याच उदाहरणांनी मांडली. येथे १८९० साली महाराजांनी कलाभवन काढले, त्यात रसायन, यंत्रविद्या आणि कला एका छपराखाली शिकवीत. दादासाहेब फाळके तेथेच शिकले आणि चित्रकला व छायाचित्रणातील रसायन ह्यांची त्यांनी पुढे जी सांगड घातली, ती जगजाहीर आहे. विजय भटकर मूळचे अकोला जिल्ह्यातील. त्यांनी १९६८ साली आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी घेतली. अमेरिकेने महासंगणक देण्यात हात आखडता घेतला, तेव्हा पुण्यास १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली आणि त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' उभा राहिला. महासंगणक देशाला हवे होते ते प्रामुख्याने हवामानासारख्या गणितांसाठी, म्हणजे वारा, ऊब आणि पाणी ह्यांच्या भौतिकशास्त्रासाठीच.

आणि वेंकटरामन् रामकृष्णन्. तिसऱ्या वर्षापासून बडोद्यात वाढलेला हा मुलगा १९७१ साली येथूनच पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन बाहेर पडला. त्याच वर्षी आम्ही आत शिरलो. त्यांना पाहिल्याचे आम्हांस स्मरत नाही, आणि नोबेल मिळाल्यावर आठवणी काढणाऱ्यांत आमची भर नको. वैद्यकीय शिक्षणाचा दरवाजा उघडा असताना त्यांनी मूलभूत विज्ञान निवडले. भौतिकशास्त्रात डॉक्टरेट घेतली आणि त्यानंतर पुन्हा विद्यार्थी होऊन जीवशास्त्र शिकण्यास बसले. पेशीत प्रथिने घडविणाऱ्या रायबोसोमच्या रचनेबद्दल त्यांना २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. ही रचना डोळ्यांनी दिसत नाही. स्फटिकावर क्षकिरण टाकावयाचे, विखुरलेल्या हजारो ठिपक्यांची तीव्रता मोजावयाची आणि संगणकाकरवी अणूंच्या जागा बसवावयाच्या. संगणक इतका आज्ञाधारक, की आपल्याला हवी तशी रचनाही तो ठिपक्यांशी जुळवून देईल. म्हणून ह्या शास्त्रात १९९२ पासून एक रीत आली: शेकडा पाच-दहा निरीक्षणे बाजूला काढून ठेवावयाची, संगणकास दाखवावयाचीच नाहीत, आणि रचना तयार झाल्यावर त्या झाकलेल्या निरीक्षणांशी ती ताडून पाहावयाची. उपाहारगृहात बसून निरीक्षणे पाडणाऱ्या आम्हांला ही युक्ती ऐकून मनोमन शरम वाटली.

नातीने आपल्या परीने पुस्ती जोडली. २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल जॉन हॉपफील्ड आणि जेफ्री हिंटन ह्यांना मिळाले, ते यंत्रांना शिकविण्याच्या विद्येसाठी. हॉपफील्ड पेशाने भौतिकशास्त्रज्ञ. १९८२ साली त्यांनी मांडलेले स्मृतीचे जाळे, डोंगरावरून सुटलेला गोटा दरीत स्थिरावावा तसे, कमीत कमी ऊर्जेच्या स्थितीकडे जाते आणि तेथे त्याला विसरलेले चित्र आठवते. चिरंजीव गप्प झाले. सूनबाईंनी मात्र विचारले, "हे सगळे मोठे लोक. आपली पोर दोन्ही डगरींवर पाय ठेवून पडली तर?" ह्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते आणि आजही नाही. आम्ही इतकेच म्हणालो, "पडली तर उचलू. पण मला मिळाला नाही तो पाय तिला टाकू दे."

२०२५ च्या जूनपासून ती दोन्ही शिकते आहे. सकाळी पूल ओलांडून सयाजीगंजात जाते, दुपारी प्रयोगशाळा, रात्री झोपाळ्यावर संगणक मांडीवर. हे सोपे नाही. दर आठवड्याला द्यावयाचे स्वाध्याय, केंद्रावर जाऊन द्यावयाच्या परीक्षा आणि इकडे विद्यापीठाच्या चाचण्या, ह्यांची पहिल्याच सत्रात टक्कर झाली. एक विषय तिला पुढल्या सत्रावर टाकावा लागला. त्या रात्री ती रडली, आणि सूनबाईंनी आमच्याकडे पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी तिने वेळापत्रक फाडून नवे केले. रात्री साडेअकरानंतर संगणक मिटावयाचा, असा त्यात एक नियम आहे. तो आईने घालून दिला आणि मुलीने सही केली. दोन विषय एकदम शिकणे म्हणजे दुप्पट शिकणे नव्हे. काही वेळा निम्मे सोडून देणे असते, हे आम्हांलाही आता कळू लागले आहे.

मागल्या महिन्यात एका रविवारी तिने झोपाळ्याच्या कडीला दोरी बांधली आणि तिच्या टोकाला जुन्या दरवाजाचे पितळी कुलूप लटकविले. कडीपासून कुलपाच्या मध्यापर्यंत ८० सेंटिमीटर. पडद्यावरचा लंबक आणि हा लंबक ताडून पाहावयाचे होते. मोजणी तिची, घड्याळ आमच्या हाती. आता घड्याळ फोनातले असते आणि आमची बोटे पहिल्यासारखी चपळ नाहीत. वीस आंदोलनांना ३६.२ सेकंद भरले. तिने गणित केले: ९.६४. बडोद्याचे मूल्य ९.७९.

"आजोबा, जरा कमी येते आहे."

घड्याळ आम्ही उशिरा थांबविले असावे. मनात आले, ३५.९ म्हटले असते तर ९.८० आले असते. पोर खूश झाली असती. पन्नास वर्षांपूर्वीची ती उपाहारगृहातली सवय किती चिवट असते पाहा! आम्ही म्हणालो, "छत्तीस दशांश दोनच लिही. पुन्हा मोजू." तिने वहीत ३६.२ लिहिले, कुलूप पाच अंशांवर धरले आणि म्हणाली, "तयार?"

आम्ही अंगठा सावरून बसलो.